साळूबाईंचा सातवा सत्कार

सत्काराची गाडी नऊला येणार होती आणि साळूबाईंनी अजून लुगडंसुद्धा बदललं नव्हतं.

"मी येत न्हाई," ओट्यावर बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं. "सहा शाली पडल्यात ट्रंकेत. आता सातवी कुनाला घालू, म्हशीला?"

"आज्जी, पृथ्वीराजदादांचा तीनदा फोन आला," नातसून तेजश्री म्हणाली. "पत्रिकेत नाव छापलंय तुमचं. 'एकमेव हयात साक्षीदार'."

"साक्षीदार म्हनायचं आन् साक्ष देऊ द्यायची न्हाई. ह्ये कुठलं कोर्ट?"

बाईंचं वय चौऱ्याण्णव. आधार कार्डावर मात्र अठ्ठ्याऐंशी, कारण कार्ड काढणाऱ्या पोराला एवढं वय खरं वाटेना. लग्न होऊन त्या निमोण्यात आल्या त्याला ऐंशी वर्षं होत आली, पण माहेर भीमाकाठचं वडगाव रासाई. आणि ज्या विमानाच्या पायी हे सगळं लचांड त्यांच्या मागं लागलं होतं, ते माहेरच्या रानातच पडलं होतं.

तात्याबा मिस्त्री दौंडला रेल्वेत सुतार होते. बांबूचा सांगाडा, त्यावर मांजरपाट, मांजरपाटावर खळ, असं विमान त्यांनी सुट्टीच्या दिवशी करत करत उभं केलं. इंजिन नव्हतंच. बैलगाडीत घालून ते नदीकडच्या उंच माळावर आणलं, स्वतः आत बसले आणि चार गड्यांना दोर धरून उताराला पळायला लावलं. त्या वेळी आठ वर्षांची साळू बापाच्या जोंधळ्यात, राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफणीनं पाखरं हाकत होती. माळाकडनं पांढरं काहीतरी आलं. एवढं मोठं, की त्याची सावली जोंधळ्याच्या सहा-सात ओळींवर पडली. ना आवाज, ना फडफड. पोरीला वाटलं, हे पाखरू बसलं तर कणीस राहायचं नाही. तिनं गोफण फिरवली आणि दगड सोडला. फट्ट असा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला. पांढरं पाखरू एका अंगाला कललं, जोंधळ्यात शिरलं आणि त्यातून एक माणूस लोळत बाहेर आला.

त्याचा उजवा हात मोडला होता. बापानं त्याला गाडीत घालून दौंडला नेलं. दगड कुणी पाहिला नव्हता, पोरीनं सांगितलं नाही. हात वाकडा जुळला. तात्याबा पुन्हा कधी उडाले नाहीत, निवृत्त होईपर्यंत रेल्वेच्या डब्यांच्या खिडक्या करत राहिले.

साळूबाईंनी हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सात वर्षांपूर्वी वडगावात तात्याबांची स्मारक समिती झाली, पोरं घर शोधत आली, तेव्हा त्यांना वाटलं, आता चार माणसांत सांगून मोकळं व्हावं. पण कसलं काय! पहिल्या वर्षी पाहुणे चार तास उशिरा आले, म्हणून भाषणं कापली. दुसऱ्या वर्षी माइक बंद पडला. तिसऱ्या वर्षी त्यांनी समितीचा अध्यक्ष पृथ्वीराज याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो मोठ्यानं हसला आणि म्हणाला, "आज्जी, हे स्टेजवर नका बोलू. चांगल्या कार्यक्रमाला गालबोट लागतं."

तोवर वडगावच्या फाट्यावर कमान झाली होती, चौकाला नाव दिलं होतं, विमानरत्न पुरस्कार सुरू झाला होता. तो तीन वेळा सरपंचांना मिळाला आणि एकदा बैलगाडा शर्यतीच्या बैलाला. चौकातल्या खांबावर फायबरचं विमान बसवलं, तेही लढाऊ, पंखाखाली दोन बॉम्ब लावलेलं. खाली संगमरवरात कोरलं होतं : साडेतीन किलोमीटर उड्डाण.

"साडेतीन किलोमीटरवर शेजारचं गाव लागतंय," साळूबाई दरवर्षी म्हणायच्या. "आमची पट्टी माळाच्या पायथ्याला. ढेकूळ फेकलं तर पोचंल." ऐकणारा मान हलवायचा आणि त्यांच्या हातात नारळ द्यायचा.

शेवटी तेजश्रीनं लुगडं पुढ्यात आणून ठेवलं आणि दोघी गाडीत बसल्या.

मांडवात या वर्षी एक नवीन बाई होत्या. पांढरा बॉबकट, मांडीवर पिशवी. अनिताबाई, तात्याबांची नात. दौंडच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या. समितीला त्यांचा पत्ता सात वर्षांनी सापडला होता, आणि दौंड तर भीमेच्या पलीकडच्याच काठावर! साळूबाईंना त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. बाईंनी तात्याबांची नात म्हणून ओळख सांगून नमस्कार केला.

सूत्रसंचालकानं सवयीनं म्हटलं, "आज्जी आता दोन शब्द आशीर्वादपर बोलतील," आणि माइक पुढं केला. साळूबाईंनी तो दोन्ही हातांनी असा धरला, की कुणी काढून घेऊ म्हटलं असतं तरी सुटला नसता.

"आशीर्वाद नंतर," त्या म्हणाल्या. "त्यो मानूस आपनहून पडला न्हाई. म्या पाडला. गोफणीनं दगड मारला. मला वाटलं पाखरू हाय. त्येचा हात गेला माझ्यापायी. त्येची नात हितं बसलीय, तिच्या म्होरं सांगते. बास."

मग मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा मांडव टाळ्या पिटू लागला. पृथ्वीराजनं दुसरा माइक उचलला.

"बघा मंडळी! वयाच्या आठव्या वर्षी आपल्या गावच्या लेकीनं विमान पाडलं! अशी रणरागिणी या तालुक्यात दुसरी नाही. पुढच्या वर्षीपासून समितीतर्फे 'साळूबाई गोफणवीर पुरस्कार' जाहीर करतो!"

साळूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. फोटोग्राफरनं तोही फोटो काढला.

जेवणाच्या पंगतीत अनिताबाई त्यांच्याजवळ येऊन बसल्या. साळूबाईंनी पानातल्या बुंदीला हात लावला नव्हता.

"शिव्या द्यायच्या आसतील तर दे बाई," त्या म्हणाल्या. "मी ऐकून घीन."

"शिव्या कशाला? आजोबा तर वेगळंच सांगायचे," अनिताबाई म्हणाल्या. "शेपटीकडचं वजन चुकलं होतं म्हणे. दोर सुटल्या सुटल्याच त्यांना कळलं होतं की हे पडणार. दोनशे दहा हात गेलो, असं सांगायचे. बरे झाल्यावर स्वतः मोजून आले होते."

"दगडाचं काय म्हनले?"

"दगडाचं नाव कधी काढलं नाही."

"कापड फाटलं व्हतं का?"

"मोडकं विमान त्यांनी घरी आणलंच नाही हो. मला कसं कळणार?"

साळूबाईंनी पान पुढं सारलं. छातीवरचं ओझं उतरायला हवं होतं, पण चढला तो संतापच. शहाऐंशी वर्षं ज्या गोष्टीनं जीव खाल्ला, ती झालीच नव्हती म्हणे!

परत येताना गाडीत तेजश्रीनं विचारलं, "मग आज्जी, लागला होता की नव्हता?"

"लागला व्हता! माझा नेम चुकत नव्हता. उडता पोपट पाडायची मी. छपराएवढं धूड, त्ये चुकंल व्हय? शेपटी म्हनं!"

तेवढ्यात तेजश्रीचा फोन वाजला. पृथ्वीराज होता. पुढच्या वर्षीच्या फ्लेक्ससाठी आज्जींचा गोफण फिरवतानाचा फोटो हवा होता.

"त्याला म्हनावं, म्हातारी मेली."

"आज्जी झोपल्यात, दादा," तेजश्री म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी अनिताबाई आपणहून निमोण्याला आल्या. येताना आजोबांच्या हातचा विमानाचा कागद घेऊन आल्या, पेन्सिलनं काढलेला, शेपटीवर फुली मारलेला. साळूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण चित्र कळत होतं. त्यांनी डाव्या पंखावर, मधल्या बांबूच्या जरा अलीकडं बोट टेकवलं.

"हितं," त्या म्हणाल्या.

"शेपटी," अनिताबाई म्हणाल्या.

चहा दोनदा झाला, तरी दोघींचं एकमत झालं नाही. फलकावरचा साडेतीन किलोमीटरचा आकडा तेवढा खोडायला लावायचा, यावर मात्र दोघींनी लगेच मान हलवली आणि अनिताबाईंनी तिथंच समितीला अर्ज लिहायला घेतला.