दाराखालचा पाईप

जीप घेतल्यापासून वडील तिच्यात एकदाही बसले नव्हते. पैठणला जायचं तरी एसटीनंच. "तुझ्या जीपमधी धूळ लई येती," म्हणायचे. माझा खर्च त्यांना खुपतोय असं समजून मीही घुश्शातच होतो.

डोंगरात दगडांनी दाराखालचा पत्रा चेपू नये, म्हणून चिकलठाण्यात जाड पाईपचे रॉक स्लायडर करायला टाकले. मला ते जीपच्या अंगालगत हवे होते. वेल्डिंगवाले चाचा म्हणाले, "चार बोटं बाहेर घ्या. चढताना पाय ठेवायला होतंय." मी वैतागून हो म्हटलं.

घरी वडिलांनी पाईपवर पाय ठेवून पाहिला, दाराला धरलं आणि चढून बसले. गुडघा चोळत म्हणाले, "चल पैठणला."

पैठण येईपर्यंत त्यांनी खिडकीची काच वर केली नाही.