विहिरीत उतरणारी सून

गावात तिला सगळे काडी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा ती किडकिडीतच होती, आणि सासूने तिला पसंत केलं ते त्याच कारणाने. रानातला झरा सरकारी कुंपणाच्या आत गेल्यापासून गावाला एकच विहीर उरली होती. उन्हाळ्यात तिचा तळ उघडा पडे, घागर बुडेना. मग कुणीतरी हलकं माणूस दोराने खाली सोडायचं आणि त्याने खडकाच्या खोबणीतलं पाणी वाटीवाटीने भरून द्यायचं. ज्या घरचं माणूस उतरेल, त्या घराला पहिलं पाणी.

काडी उतरू लागली. घरात पाणी आधी येऊ लागलं, पण तिच्या वाडग्यात पेज बेताचीच पडे.

"अंग धरलंस तर दोर ओढणार कोण?" सासू म्हणायची.

नवरा मान खाली घालून जेवायचा. स्वभावाने वाईट नव्हता. आईपुढे मात्र त्याची दातखीळ बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात तिला दिवस गेले. तिने कुणालाच सांगितलं नाही. भूक मात्र आवरेना. सरपणाच्या निमित्ताने ती कुंपणाखालून रानात शिरे, काठीने कंद उकरी आणि तिथेच भाजून खाई. एकदा वनरक्षकाने पकडलं. त्याने काठी मोडली, उरलेले कंद स्वतःच्या पिशवीत टाकले आणि तिला दंडाला धरून विहिरीवर आणलं.

"ही रानात बसून खाते," तो म्हणाला.

"तरीच दोर जड लागतोय," एक बाई म्हणाली आणि हशा पिकला.

सासू हसली नाही. "घरात आम्ही अर्धपोटी, आणि तू चोरून गिळतेस होय?"

"आई, मला दिवस गेलेत."

सासूने तिच्या पोटाकडे पाहिलं. "मग आत्ताच उतर. पुढे जमायचं नाही."

तिने दोर आपल्या मुलाच्या हातात दिला. "पोटावर नको, वर बांधतो," तो बायकोच्या कानाशी पुटपुटला. तेवढंच त्याने तिच्यासाठी केलं.

तळाशी वाकून पाणी भरताना तिच्या ओटीपोटात कळ आली. तिने वर हाक मारली.

"आधी घागर येऊ दे, सांडेल," वरून आवाज आला. नवऱ्याचाच होता.

घागर वर गेली. मग तिला ओढून काढलं, तेव्हा तिचे कपडे रक्ताने भिजले होते.

मूल गेलं. गावात चर्चा झाली ती पाण्याची. पाणी नासवलं म्हणून बायकांनी सासूला नाही नाही ते सुनावलं. खोबण उपसून टाकली, आणि नवं पाणी झिरपेपर्यंत घराघरांतली पोरं कोरड्या घशाने रडत राहिली. सासूचा पहिल्या पाण्याचा मान गेला. शेजारणीची मुलगी उतरू लागली.

काडी भिंतीला टेकून पडून होती. संध्याकाळी सासूने तिच्यापुढे वाडगा आदळला. लग्नानंतर पहिल्यांदाच तो काठोकाठ भरला होता.

"खा. आता तुझं वजन बघतंय कोण?"

ती रडेल असं नवऱ्याला वाटलं. ती उठून बसली, वाडगा तोंडाला लावला आणि चाटूनपुसून रिकामा केला.

"अजून वाढा."

"पातेल्यात माझीच उरलीय."

"तीच वाढा."

सासूने मुलाकडे पाहिलं. तो दाराबाहेर बघू लागला. शेवटी तिने पातेलं सुनेपुढे सरकवलं.