जंत नव्हे, जंतू

थोरल्यासारखा लिफ्टचा मेकॅनिक सगळ्या शहरात दुसरा नाही. शाळा आठवीत सुटली, पण बंद पडलेल्या लिफ्टला नुसता कान लावला की दुखणं कुठं आहे ते तो सांगतो. मोठमोठे डॉक्टर त्याला नावानं हाक मारतात, कारण त्यांच्या इमारतींच्या लिफ्ट त्याच्याच हातच्या. म्हणून धाकट्याचं पोट बिघडलं तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही. थोरला होता ना!

धाकटा कारखान्यात पॅकिंगला. तिथल्या नर्सबाईंनी त्याला घरी धाडलं होतं.

"काय म्हणाल्या बाई?" थोरल्यानं विचारलं.

"पोटात जंतू झालेत. डॉक्टरकडे जा म्हणाल्या."

"जंत? हात्तिच्या! शेंबड्या पोरांना होतात ते. घोडा झालास की रे!"

"जंत नाही दादा, जं…" धाकटा पोट धरून संडासकडे पळाला.

थोरल्यानं औषधाच्या दुकानातून जंतांची गोळी आणली.

"अहो, डॉक्टरला विचारा तरी," बायको म्हणाली.

"मी असताना डॉक्टर कशाला?"

सकाळी धाकट्याला संडासवाटे रक्त पडलं. अंग तापलेलं, डोळे खोल गेलेले. पाण्याचा घोट दिला की उलटी व्हायची. थोरला दारात उभा राहून बघत होता. घाबरायला हवं होतं, पण आत काही हललंच नाही. वीज गेल्यावर लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे गप लटकते, तसं.

मग फोन लावले. एक डॉक्टर परदेशात. दुसऱ्यांच्या दवाखान्यातली मुलगी म्हणाली, आठवड्यानं या. तिसऱ्यांनी उचललाच नाही.

"टायरच्या दुकानाच्या वर एक डॉक्टरीणबाई आहेत," बायको म्हणाली.

"तिथं लिफ्ट नाही."

"मग? लिफ्टला दाखवायचंय का भाऊजींना?"

थोरल्यानं धाकट्याला पाठीवर घेतलं आणि जिना चढला. एवढा दांडगा गडी, पण वजन जाणवलंच नाही.

बाईंनी पोट दाबून बघितलं, जीभ बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

"काय दिलंत याला?"

धाकटा पडल्या पडल्या म्हणाला, "मीच घेतली गोळी."

"खोटं बोलतोय," बायको म्हणाली. "यांनी दिली. जंतांची."

बाईंनी थोरल्याकडे वर बघितलंही नाही. "जंत नव्हे हो, जंतू. जंत दिसतात, जंतू दिसत नाहीत. घाण पाण्यातून गेलेत. आणखी थोडं थांबला असतात तर माझ्याकडे आणायची गरजच उरली नसती."

लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. थोरला भिंतीवरचा तडा बघत राहिला.

सलाईन लागलं. सुईतून औषध गेलं. शौचाचा नमुना तपासायला पाठवला. खालच्या दुकानात कुणीतरी टायर ठोकत होतं. बायको बाकावर बसल्या बसल्या पेंगली.

दुपार कलताना बाईंनी साखर-मीठ घातलेलं पाणी चमच्यानं पाजायला सांगितलं. थोरल्यानं पाजलं. हात स्थिर होता, लिफ्टच्या तारा धरतो तसाच. एक चमचा. मग थांबला, धाकट्याच्या गळ्याकडे बघत. दुसरा चमचा.

पाणी आत राहिलं.

"आणखी दे," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं चमचा भरला, आणि तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण चप्पलच घातलेली नाही.