नानांची दुरुस्ती

आमच्या शेजारच्या नानांइतका इंग्रजीवर जीव लावणारा माणूस खुद्द इंग्रजांतही निघायचा नाही. जन्मभर शिंदखेड्याला इंग्रजी शिकवून ते जळगावात राहायला आले, पण त्यांचा तास काही संपला नाही. रिक्षावाला विचारतो, ‘नाना, रिटर्न बॅक थांबू का?’ की हे रिक्षात बसूनच सुरू, ‘अरे बाबा, रिटर्नमध्ये बॅक आलंच!’ मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. एकदा तर हद्द झाली. गल्लीत मयत झालं म्हणून आम्ही भेटायला गेलो. मुलगा रडत म्हणाला, ‘वडील पहाटे एक्स्पायर झाले.’ नानांनी त्याला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला आणि हळूच सांगितलं, ‘एक्स्पायर औषधं होतात, बेटा. डाइड म्हण.’ मी दंडाला धरून त्यांना बाहेर आणलं. काय बोलायचं या माणसाला! पण त्या मुलाचे पुढचे सगळे अर्ज नानांनीच लिहून दिले, हेही सांगायला हवं.

घरात मात्र त्यांचं काही चालत नाही. अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी, पक्क्या अहिराणी. ‘आहे’ला त्यांच्याकडे ‘शे’, आणि इंग्रजीतही त्या तोच ठोकून देतात. ‘ही शे गुड बॉय!’ नाना कपाळावर हात मारतात, ‘अगं, ही इज! हा शे कुठून आणलास?’

‘मना माहेरना शे तो!’ अक्का म्हणतात.

त्यांचा नातू कॅनडात. सहा वर्षांचा, मराठीचं नाव नाही. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. एकदा पोर उड्या मारत म्हणालं, ‘नाना, आय कॅच्ड अ फिश!’ नाना लगेच, ‘कॉट. कॅच, कॉट, कॉट.’ मासा केवढा होता, ते विचारायचं राहूनच गेलं. हळूहळू पोर फोनवर येईनासं झालं. कधी अंघोळ, कधी होमवर्क. शेवटी लेकीनं सांगितलं, ‘बाबा, तो म्हणतो, नाना सारखी परीक्षा घेतात.’ दोन दिवस नानांना जेवण गेलं नाही. मला म्हणाले, ‘चूक तशीच ठेवली तर त्याचंच नुकसान ना हो?’

परवाच्या रविवारी मी चहाला गेलो, तर फोन अक्कांच्या हातात. नाना शेजारीच, पण कॅमेऱ्यात येणार नाहीत असे भिंतीला चिकटून बसलेले. पोरानं आधी चौकशी केली, नाना आहेत का?

‘नाना शे स्लीपिंग!’ अक्कांनी ठणकावून सांगितलं.

मग काय, पोराचं तोंड सुटलं. शाळा, शेजारचं मांजर, पडलेला दात. अक्कांना निम्मं कळत नव्हतं, पण ‘हाव का? हाव का?’ करत त्या दाद देत होत्या. नाना एकेक शब्द कानात साठवत होते. फोन ठेवताना पोर म्हणालं, ‘नाना स्लीप्ड सो लाँग!’

नानांचे ओठ हलले, ‘स्लेप्ट’. आवाज मात्र त्यांनी फुटू दिला नाही. भिंतीला डोकं टेकून त्यांनी खरंच डोळे मिटून घेतले.