आक्का आणि शिकवून नेलेली पोर

सोमवारी सकाळी मी शरूच्या शाळेच्या नव्या शर्टाचं मानेमागचं लेबल ब्लेडनं उसवत बसले होते. लेबल टोचलं की आमची लेक शर्ट काढून फेकते, मग तो वर्ग असो की भररस्ता. तेवढ्यात प्रवीणचा, माझ्या नवऱ्याचा, फोन वाजला. देवगाव रंगारीहून भाच्याचा होता. प्रवीण नुसतं "हं... हं... कधी?" एवढंच म्हणाला आणि उंबऱ्यावर टेकला. "आक्का गेली." त्याची थोरली बहीण, माझी नणंद. साठी नुकतीच ओलांडलेली. सकाळचा चहा घेतला, उठायला गेल्या आणि बसल्या जागी कलंडल्या. आता खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते. मला रडू आलं नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की आता गुरुवारी डॉक्टरांकडे आमच्यासोबत कोण येणार?

याला सहा आठवडे होऊन गेले. त्या विचाराबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही. पण गुरुवार म्हणजे काय होतं, ते सांगितल्याशिवाय आक्काही सांगता यायच्या नाहीत.

आक्कांनी देवगावच्या अंगणवाडीत उभी हयात काढली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हाच काम सोडलं. शरू तीन वर्षांची असताना त्या आमच्याकडे सिडकोत दोन दिवस राहायला आल्या होत्या. जाताना चपला घालता घालता म्हणाल्या, "वैनी, पोरगीला हाक मारली तर ती बघत नाय. भांडं पडलं की मातर दचकती. म्हंजी कान चांगले हायेत. मंग बघत का नाय? एकदा दाखवा कुणाला तरी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पटकन बोलून गेले, "आक्का, तुम्ही अंगणवाडीत खिचडी वाटता. डॉक्टर कधी झालात?" प्रवीणनं मान खाली घातली. आक्का मात्र शांतपणे पिशवी उचलून म्हणाल्या, "खिचडी वाटतानाच कळतंय ना वैनी. कोनतं लेकरू ताट घिऊन येतंय अन् कोनतं येत नाय."

बोलल्या आणि गेल्या, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेल्या. शरू डब्यांची झाकणं लहान-मोठी लावत तासभर बसायची आणि जेवायला मात्र पाच मिनिटं टेकायची नाही. मिक्सर सुरू केला की कान दाबून पलंगाखाली. टीव्हीवरच्या जाहिराती घडाघडा म्हणायची, पण "भूक लागली का?" विचारलं तर "भूक लागली का?" हेच परत आपल्याला. चवड्यांवर चालायची. सासूबाई म्हणायच्या, प्रवीणही उशिराच बोलला होता. माझी आई म्हणायची, एकुलती एक आहे, लाडावलीय. मी मोबाईलवर लक्षणं शोधायचे. एका यादीत दहातली सात जुळायची, की वाटायचं ऑटिझम. दुसऱ्या दिवशी दुसरी यादी, की वाटायचं छे, ही एका जागी बसतच नाही, एडीएचडी असेल. तिसऱ्या दिवशी ती शेजारच्या बाळाला बघून खुदकन हसायची, की मी दोन्ही याद्या पुसून टाकायचे. मी आणि प्रवीण एकमेकांसमोर ते दोन्ही शब्द उच्चारायचोच नाही. "ते काय म्हणतात ना, तसं काही नसेल ना गं?" एवढंच. अशी दोन वर्षं गेली... बोलता बोलता जातात.

शेवटी शाळेच्या बाईंनीच सांगितलं म्हणून पाचव्या वर्षी मुलांच्या वाढीचं बघणाऱ्या एका डॉक्टरांची वेळ घेतली. आणि इथं मी माती खाल्ली. मी घरी स्कॉलरशिपचे क्लास घेते. प्रवीणला शेंद्र्याच्या कंपनीत नोकरी लागली ती आरशासमोर महिनाभर मुलाखतीची तयारी करून. आमच्या दोघांच्याही घरांत जे काही मिळालं ते परीक्षा देऊन मिळालं. समोर कुणी शिकलेला माणूस बसून प्रश्न विचारणार म्हटलं, की आम्हाला तयारीच सुचते. पंधरा दिवस मी शरूला डॉक्टरांसाठी तयार केलं. प्रवीण पांढरा शर्ट घालून खुर्चीत डॉक्टर होऊन बसायचा. "नाव काय बाळ?" "काय आवडतं?" बरोबर उत्तराला एक रंगीत गोळी. "शरू, इकडं बघ. बघ इकडं. डॉक्टरांकडं बघून बोलायचं." पोरगी हुशार, सगळं पाठ. डॉक्टरांनी वीस-पंचवीस मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, आत्ता तरी ठळक काही वाटत नाही, सहा महिन्यांनी परत आणा, घरी काही वेगळं वाटलं तर सांगा. घरी काय वाटतं, ते आम्ही सांगितलंच नाही. आईस्क्रीम खाल्लं आणि मी मुद्दाम आक्कांना फोन लावला.

त्या म्हणाल्या, "पंधरा दिस शिकवलं म्हनं तिला?" भावानं बहिणीला आधीच सांगून टाकलं होतं. "वैनी, ताप मोजायला नेताना लेकराला गार पान्यानं न्हाऊ घातलं तुमी." मी फोन ठेवून दिला. पुढचं वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही. सहा महिन्यांनी परत जायचं होतं, तेही गेले नाही. गेले असते तर आक्का खऱ्या ठरल्या असत्या ना!

पहिलीत गॅदरिंगच्या तालमीला ढोल वाजला आणि शरू कान दाबून फाटकातून थेट रस्त्यावर पळाली. एका रिक्षावाल्यानं करकचून ब्रेक मारला, पोरीला उचलून आत आणून दिलं आणि शाळेनं फोन केल्यावर मी धावत पोचले, तर माझ्यावरच ओरडला, "बच्ची को संभालो बाई, अल्ला ने बचाया!" मुख्याध्यापिका म्हणाल्या, डॉक्टरांचा कागद आणा, काय आहे ते कळू द्या, नाहीतर महिनाअखेर दुसरी शाळा बघा. त्या दिवशी प्रवीणनं मला न विचारता आक्कांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं आल्या, गुडघे धरत तीन जिने चढल्या. मी म्हटलं आता ऐकवणार. त्या घोटभर पाणी प्यायल्या, माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "जेवलात का? जेवा, अन् जाऊन झोपा. मी हाय." मी दुपारी एकला झोपले ती थेट दिवेलागणीला उठले. घर इतकं शांत होतं की मी घाबरून पळतच बाहेर आले. दोघी फरशीवर मेथी निवडत बसल्या होत्या. आक्का पानं खुडत होत्या, शरू काड्या ओळीनं मांडत होती. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. थकले हो मी. लेकीवर जीव आहे, जीव ओवाळून टाकीन, पण थकले. हे बोललं की लोक तोंड वाकडं करतात, आई असून थकते म्हणजे काय! आक्का म्हणाल्या, "पोरगी वाईट नाय वैनी, दमलेली हाय. तुमच्यावानीच. दिवसभर तुमी सांगितल्यावानी वागून वागून दमती."

अकरा दिवस राहिल्या. शाळेत जाऊन वर्गाच्या बाईंजवळ बसल्या, घंटा व्हायच्या आधी शरूला सांगत जा म्हणाल्या, आणि बाईंनी ऐकलंही. डॉक्टरांची वेळ त्यांनीच घ्यायला लावली. कुणीतरी रद्द केलेला एक गुरुवार मिळाला. "मी येते संगं. तुमचं तोंड उघडायचं नाय, मला म्हाईत हाय. मी सांगते सगळं. अन् ह्या खेपेला शिकवायचं नाय काई." मग तूर काढायची राहिलीय म्हणून गावी गेल्या. बुधवारी परत येणार होत्या. त्या खिचडीच्या बोलण्याबद्दल मला त्यांची माफी मागायची होती. अकरा दिवस रोज मागायची होती. म्हटलं, बुधवारी येतीलच की.

देवगावला अंगणात माणसं जमली होती. शरूनं आत जाऊन एकदा पाहिलं, बाहेर आली आणि आलेल्या-गेलेल्यांच्या चपला जोडीनं लावत बसली. एक बाई दुसरीला म्हणाली, "एवढा जीव लावला आत्यानं, पन पोरीला काई वाटतच नाय." मी ऐकलं.

आक्कांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी होता. प्रवीण तिथंच थांबला, म्हणाला डॉक्टरांची वेळ पुढं ढकल. पुढची वेळ तीन महिन्यांनी मिळत होती आणि शाळेची मुदत महिनाअखेरची. गुरुवारी मी एकटी शरूला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "काय बाळ, नाव काय तुझं?" आणि शरू ताठ उभी राहिली. "माझं नाव शर्वरी प्रवीण. मला चित्र काढायला आवडतं. मला मैत्रिणींसोबत खेळायला आवडतं." एवढ्या दिवसांनंतरही सगळं जसंच्या तसं! तिला एकही मैत्रीण नाही. डॉक्टर हसायला लागले, "छान, छान" म्हणाले. मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पुन्हा आईस्क्रीम खाऊन घरी जाता आलं असतं... "थांबा डॉक्टर," मी म्हटलं, "हे पाठ करून घेतलेलं आहे. मीच घेतलंय. मागच्या वेळीही घेतलं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. "मग आता पाठ नसलेलं सांगा." मी सांगितलं. झाकणं, मिक्सर, रस्ता, रिक्षा, सगळं. सांगताना कितीदा रडले ते आठवत नाही.

मग डॉक्टर खाली शरूजवळ बसले. ती ठोकळे लावत होती. "घरी कोण कोण असतं गं?" हा प्रश्न आमच्या तयारीत नव्हता. ती ठोकळेच लावत राहिली. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग ठोकळ्यांकडंच बघत ती म्हणाली, "आई. पप्पा. आत्या आली होती. आत्या मेली." आणखी दोन ठोकळे लावले. "आत्या इकडं बघ म्हणत नव्हती."

अकरा दिवस आक्का माझ्या घरात होत्या. त्यांनी एकदाही तसं म्हटलं नाही, हे मला कळलंसुद्धा नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ऑटिझमच्या बाजूनं बरंच काही दिसतंय, लक्षाचाही प्रश्न असू शकतो, आणखी दोन-तीनदा यावं लागेल. शाळेनं तेवढी मुदत वाढवून दिली. आता हाक मारताना "इकडं बघ" ओठांवर आलं की मी आक्कांना आठवून गिळून टाकते. रोज जमत नाही, संध्याकाळी दमलेली असले की निसटतंच. डोळ्यांत बघणं तिला सोसत नाही, म्हणून त्या पंधरा दिवसांत मीच तिला समोरच्याच्या कपाळाकडं बघायला शिकवलं होतं. शब्द निसटला, की शरू हातातलं सोडून ताठ उभी राहते आणि माझ्या कपाळाकडं बघते.