गेटाजवळच्या खुंट्यावरची सात नंबर

आधी वस्तुस्थिती, घडली त्या क्रमाने.

गेल्या महिन्यातला पहिला रविवार, लासूर स्टेशनजवळचा आमचा गोठा. दादा वाळूजच्या कंपनीत शिफ्टला जातो, जनावरांचे सगळे वहिनी पाहतात आणि कोणती कालवड ठेवायची, कोणती काढायची हे मी ठरवते... कारण रजिस्टर माझे आहे. मी शहरात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि दर रविवारी गोठ्यावर जाते.

त्या दिवशी सहा कालवडींपैकी एक काढायची होती. सहाजणींना पुरेल इतका चारा नव्हता. सात नंबरचे वय अडीच वर्षांच्या घरात, वजन उत्तम, आई गोठ्यातली सर्वांत दुधाळ. पण माजावर, म्हणजे फळण्याच्या तयारीत, आल्याची एकही नोंद नाही, आणि बरोबरीच्या दोघी एव्हाना गाभण होत्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की अंगात दोष नाही, वाट पाहा. ‘वाट पाहा’ हा मला निष्कर्ष वाटत नाही. मी तिच्या नंबरापुढे फुली मारली.

व्यापारी टेम्पो घेऊन आला. अशी कालवड तो पुढे कुठे नेतो, हे आमच्याकडे कुणी विचारत नाही... मीही कधी विचारले नव्हते.

वहिनींनी दावे सोडले, पण त्याच्या हातात दिले नाही. “ताई, हिला थोडे दिस बाकीच्यांत मोकळी सोडू. मग न्या.”

मी रजिस्टर उघडून पान त्यांच्यापुढे धरले. वर्षभरात माजाची एकदाही नोंद नाही.

“नोंद कशी व्हईल? एकलीला गेटापाशी बांधलंय तुम्ही. माज आला तरी ती दावणार कुणाला, गेटाला?”

व्यापारी हसला. “मॅडम, तुमचं निवांत ठरू द्या. टेम्पो काय, परत येईल.”

त्या हसण्याचा मला राग आला, हे कबूल करते. गेटाजवळच्या खुंट्याचा नियम माझाच होता. गव्हाणीवर दुसरीला ढुशा देणारी कालवड तिथे, इतरांपासून लांब बांधायची... शिस्त म्हणून.

माजाचे चक्र एकवीस दिवसांचे असते. मी वहिनींना मोजून एकवीस दिवस दिले, आणि त्या चुकीच्या ठराव्यात म्हणूनच दिले.

सोळाव्या दिवशी सकाळी, पहिल्या लेक्चरआधी, दादाचा व्हिडिओ आला. सात नंबर दुसऱ्या कालवडीवर उड्या मारत होती. मग ती दुसरी हिच्यावर चढली आणि ही पाय रोवून शांत उभी राहिली. माजाची याहून स्पष्ट खूण नाही.

व्हिडिओत मागे वहिनींचा आवाज होता. “मैने, उभी राहा गं बाई.” सात नंबरला नाव आहे, हे मला तेव्हा कळले.

इथे थांबले असते तर ही एक बरी गोष्ट झाली असती. पण पुढच्या रविवारी मी रजिस्टरची जुनी पाने काढली.

गेल्या वर्षी काढलेली तीन नंबर. त्याच्या आदल्या वर्षीची अकरा नंबर. दोघी अंगाने भरलेल्या, दोघींच्या आया दुधाळ, आणि दोघींपुढे माझ्या अक्षरात एकच शेरा... “माज नाही. काढावी.” बांधण्याची जागा, दोघींची, गेट.

त्या दांडग्या होत्या, म्हणजे निरोगी होत्या. दांडग्या म्हणून मी वेगळ्या बांधल्या, वेगळ्या बांधल्या म्हणून त्यांचा माज कुणाला दिसला नाही, आणि दिसला नाही म्हणून... या चुकीला माझ्या विषयात नाव आहे. ते मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, आणि ज्याला ते ओळखता येत नाही त्याचे गुण कापते.

सात नंबर राहिली. माज दिसला त्याच दिवशी डॉक्टरांकडून रेतन करून तिला भरवली. गाभण आहे की नाही, ते दोनेक महिन्यांनी कळेल. तीन आणि अकरा कुठे आहेत, याचा मी शोध घेतला. व्यापारी फोनवर एवढेच म्हणाला, “मॅडम, आता कशाला विचारता?”

वहिनी ही पोस्ट वाचतील. माझी प्रत्येक पोस्ट त्या वाचतात आणि अंगठ्याची खूण करून पुढे जातात.

वहिनी, त्या दोघींना नेले तेव्हाही दावे तुम्हीच सोडले होते. गेटापाशी एकटीला बांधल्याने माज दिसत नाही, हे तुम्हाला तेव्हा ठाऊक होते का? आणि असेल, तर मला सांगण्यात अर्थ नाही असे तुम्हाला का वाटले? मी रागाने विचारत नाही. त्या दोन पानांवर माझा शेरा आहे आणि खालची जागा कोरी आहे. येत्या रविवारपर्यंत तिथे तुमचे उत्तर हवे... लेखी, तुमच्या अक्षरात. अंगठा चालणार नाही.