दोन होड्या आणि आमची कमिटी

सोलापुरात मार्शल लॉ येऊन गेला, त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले. मोसमी वारे ते फळ्यावर असे काढायचे की पुढच्या बाकावरच्या पोरांनी टोप्या सावरून धराव्यात. समुद्र मात्र त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. जुन्या विद्यार्थ्यांनी विचारलं, "मास्तर, शाल देऊ की घड्याळ?" अण्णा म्हणाले, "शिडाची होडी द्या."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत. "हिप्परग्याच्या तळ्यात एकदा शीड लावून आत जायचंय," ते म्हणाले. "मागं काठ लहान होत जातो म्हणतात. तो होताना बघायचाय."

त्यांना काचबिंदू झाला होता. उजवा डोळा गेलाच होता आणि डावा फार तर वर्षभर टिकेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे आम्हा सर्वांना ठाऊक होतं. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून आम्ही तुम्हाला नुसतेच गमतीदार वाटू.

होडी निवडायला विद्यार्थ्यांनी कमिटी नेमली. एक वकील, नव्या पेठेतला एक कापडवाला आणि चिटणीस म्हणून मी, कोर्टातला कारकून. तिघांनाही पोहता येत नव्हतं. तळ्याच्या काठावर ओंडक्यांवर चढवलेल्या दोनच होड्या विकाऊ होत्या. एक विलायतेला परत निघालेल्या गिरणीतल्या साहेबाची. पांढरीशुभ्र, आत दोन माणसं झोपतील अशी खोली, स्टोव्हची जागा, कप अडकवायला आकडे आणि होडी कलंडू नये म्हणून पोटाखाली कमरेएवढी खोल जाणारी उभी फळी. दुसरी एका ठेकेदाराने कोकणातून आणवलेली. लांबीला तेवढीच, पण सागवानी, काळी, बुडाला जवळजवळ सपाट. आत बसायला फळ्या आणि डोक्यावर आभाळ.

दोन्ही पाण्यात ढकलून बघायला अर्धा दिवस पुरला असता. पण आम्हाला बघण्याची एकच रीत येत होती, मुलगी बघण्याची. "एकदा पाण्यात घातली की घेतल्यासारखीच," वकील म्हणाले. "मुलगी घरी आणून ठेवायची आणि मग पसंती कळवायची, असं कोणी करतं का?" मला हे इतकं पटलं की मी त्याचा ठरावच लिहून काढला. पसंतीआधी होडीला पाणी लावू नये.

मग आम्ही दर रविवारी टांगा करून जाऊ लागलो. होड्या जमिनीवर आणि आम्ही सतरंजीवर. कापडवाल्याने दोन्ही शिडांचा एकेक धागा ओढून काडीने जाळला, राख बोटांवर चोळली, वास घेतला आणि साहेबाच्या शिडाचं सूत सरस ठरवलं. त्याच्या लेखी होडी म्हणजे हे कापड टांगायची खुंटी. वकिलांनी राखणीला असलेल्या भोयाची उलटतपासणी घेतली.

"ही काळी होडी आजवर कधी बुडाली आहे काय?"

"बुडली असती तर हितं दिसली असती व्हय, वकीलसाब?"

मी फुलस्केपवर दोन होड्यांचे दोन रकाने आखून चाळीस कलमं लिहिली होती. झोपण्याची सोय, स्वयंपाकाची सोय, कपाटं, रंग, आवाज. होय, आवाजसुद्धा. वकील छडीने लाकूड ठोकून बघायचे. ज्या तळ्याचा पलीकडचा काठ उघड्या डोळ्यांनी दिसतो, त्यात अण्णांनी मुक्कामाला गादी न्यावी की घोंगडी, यावर आमच्या तीन बैठका झाल्या. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. तेव्हा मला फार मजा येत होती. कोर्टात मी दुसऱ्यांचं लिहून काढायचो, इथे माझ्या रकान्यांवर वकील मान डोलवत होते.

संक्रांतीच्या सुमारास अण्णा एकदा सोबत आले. काळ्या होडीच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "दोन्ही पाण्यात घालून बघा की." आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. भोई हसला नाही. "तुमी सावकाश ठरवा," तो म्हणाला, "पर तळं थांबायचं न्हाय."

त्याचं म्हणणं मी टिपून घेतलं नाही. त्याला रकाना नव्हता.

चैत्रात साहेबाची होडी एकमताने पसंत झाली. पेढे वाटले. ती पाण्यात घालायला गेलो तर पाणी पार आत ओसरलेलं, आणि होतं ते मांडीएवढं. पोटाखालची ती खोल फळी चिखलात रुतून बसली. काळी होडी तरंगली असती, पण ती ठेकेदाराने आदल्या आठवड्यात दुसऱ्याला देऊन टाकली होती. "पावसाळ्यानंतर बघू," वकील म्हणाले. पावसाळा आला, तळं भरलं. श्रावणात अण्णांचा डावा डोळा गेला.

दसऱ्याला होडी पाण्यात उतरवली. अण्णा हट्टाने आले. धुतलेलं धोतर, डोक्याला पगडी. मी त्यांना हाताला धरून आत बसवलं. भोयाने शीड चढवलं, ते पाठीमागच्या वाऱ्याने टम्म फुगलं. पण पहिल्या दिवशी धोका नको म्हणून होडी दोराने काठाच्या बाभळीला बांधलेली ठेवायची, असा ठराव झाला होता. माझ्याच अक्षरात.

"निघालो का रे?" अण्णांनी विचारलं.

"निघालो."

"काठ लहान होतोय?"

"होतोय, अण्णा. चांगलाच."

त्यांनी मानेवर हात ठेवून वारा जोखला. मग म्हणाले, "वारा पाठीला मघाइतकाच लागतोय. होडी वाऱ्याबरोबर निघाली असती तर कमी लागला असता. सातवीला शिकवलं होतं तुला." आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दोर सोड आता."

काठावरून वकील हातवारे करत होते. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि दोर सोडला. होडीला हिसका बसला, खाली पाणी बोलू लागलं आणि अण्णांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली.

"आता सांग," ते म्हणाले. "काय काय दिसतंय ते एकेक सांग."

मी मागे वळून पाहिलं. बाभूळ, टांगा, वकील, कापडवाला, सगळं खरोखरच लहान होत चाललं होतं. चाळीस कलमी तुलना लिहिणाऱ्या मला एक वाक्य जुळवता येईना.

"सांग की," अण्णा म्हणाले.